रीस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं

प्रश्न : ताई, तुर्भ्यातल्या एका औषध वितरकाकडे मी आयटी सांभाळतो. बिलिंग पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. महिनाअखेरीला भर दुपारी बिलं अडकतात. साहेब म्हणतात, रीस्टार्ट मार. मारला की चालतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सर्व्हर तपासायच्या वीसेक क्वेरी जमवल्या आहेत. कोणत्या चालवू?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : वीस नकोत. बिलं अडकलेली असताना एकच चालवा, आणि रीस्टार्टच्या आधी चालवा. कोण कोणासाठी ताटकळलंय हे फक्त त्याच क्षणी दिसतं; रीस्टार्ट केला की ते पुसलं जातं. साहेबांकडून दोन मिनिटं मागून घ्याच.

पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी, म्हणजे आत्ता काय चाललंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी, उघडा. त्यात दर कनेक्शनची एक ओळ असते. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणारं काम) सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावा, सगळ्यात जुनं वर. ऐरोलीच्या एका ऑफिसात हेच केलं, तेव्हा वरच्या ओळीत वेळ होती ११:४० आणि घड्याळात दीड वाजला होता. स्थिती : ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. काम शून्य, पण लॉक, म्हणजे डेटावरचा ताबा, धरून बसलेलं. खालच्या ओळींना पीजी-ब्लॉकिंग-पिड्स हे, कोण अडवतंय ते सांगणारं फंक्शन लावलं, तर सगळ्यांचं बोट त्याच एका कनेक्शनकडे. आयपीवरून मशीन शोधलं. अकाउंट्समधल्या बाई बिल दुरुस्तीचा फॉर्म उघडा ठेवून जेवायला गेल्या होत्या. त्यांना बोल लावू नका. फॉर्म उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू करणारा प्रोग्रॅम चुकीचा आहे, आणि तो व्हेंडरकडून दुरुस्त करून घ्यायलाच हवा. तोवर आयडल-इन-ट्रान्झॅक्शन-सेशन-टाइमआउट लावा; ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त असं रिकामं बसलेलं कनेक्शन तो तोडतो. मुळात तो शून्य असतो, म्हणजे बंद.

तुमच्याकडे असं काही दिसलं नाही, तर पीजी-स्टॅट-यूझर-टेबल्समध्ये मृत ओळी, म्हणजे बदललेल्या किंवा पुसलेल्या ओळींच्या मागे उरलेल्या जुन्या प्रती, बघा. टेबलातल्या सुमारे २० टक्के ओळी मृत झाल्या की त्या आपोआप साफ करणारा ऑटोव्हॅक्यूम जागा होतो, ही मूळ सेटिंग. एक कोटी ओळींच्या बिल टेबलात म्हणजे वीस लाख ओळींचा कचरा साठेपर्यंत तो हलणार नाही. त्या टेबलापुरतं प्रमाण कमी करा. तासन्‌तास उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन इथेही आडवं येतं. त्याच्यानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूमला काढता येत नाहीत.

जड क्वेऱ्या पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समध्ये सापडतील, ते एक्स्टेंशन चालू केलेलं असेल तर. त्यातले आकडे साठत जाणारे असतात, म्हणून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा उतरवून वजाबाकी करा. आणि हे काम महिन्याच्या मधल्या एखाद्या शांत दिवशीही करून ठेवा. चांगल्या दिवसाचे आकडे हाताशी नसतील, तर वाईट दिवसाच्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. लोक इथेच घाई करतात.

हे सगळं नुसतं बघायला सुपरयूझर (सर्वाधिकार असलेलं लॉगिन) लागत नाही. वेगळं लॉगिन काढून त्याला पीजी-मॉनिटर हा रोल द्या.

अडकवणारं कनेक्शन तोडायचंच झालं तर पीजी-टर्मिनेट-बॅकेंड वापरा. लिनक्सवरून, प्रोसेस जबरदस्तीने मारणारं ‘किल वजा नऊ’ कधीही देऊ नका. एक प्रोसेस तशी मारली की पोस्टग्रेस सगळीच कनेक्शनं तोडून रिकव्हरीत जातो, आणि भर दुपारी सगळ्यांची अर्धवट बिलं जातात.