गरोदरपणात दाढेचा एक्स-रे काढावा का?

पत्नीला पाचवा महिना असून दाढ ठणकते, डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला आहे, परंतु घरची वडीलधारी मंडळी ‘फोटो काढू नका, बाळाला किरणे लागतील’ म्हणतात, तेव्हा काय करावे, असे आपण विचारले आहे. एक्स-रे काढून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी उदगीरला दातांचा दवाखाना चालवतो आणि हीच भीती घेऊन आलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत.

माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून आपल्या सर्वांनाच नैसर्गिक किरणे मिळत असतात. किरणांची मात्रा सिव्हर्टमध्ये मोजतात; एका मिलिसिव्हर्टमध्ये हजार मायक्रोसिव्हर्ट असतात. नैसर्गिक किरणांची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट भरते. एका दाढेच्या डिजिटल एक्स-रेची मात्रा ५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. शिवाय झोत गालावरच्या लहानशा वर्तुळापुरता असल्याने पोटापर्यंत पोहोचणारा अंश नगण्य असतो. पूर्ण जबडा एकाच फोटोत दाखवणाऱ्या ओपीजी एक्स-रेची मात्रा याहून काही पटींनी जास्त, जबड्याच्या त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनची त्याहूनही अधिक. म्हणून ते सांगितल्यास ‘हे कशासाठी?’ असे अवश्य विचारावे.

मुळाशी पू झाला तरी हिरडी वरून धड दिसू शकते. एक्स-रेत मात्र मुळाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी काळी सावली दिसते आणि रूट कॅनल कोणत्या दाढेचे करायचे, हे त्यावरून कळते. याच भीतीने दोन महिने थांबलेली एक ताई एका रात्री जबडा सुजून, अंगात ताप घेऊन माझ्याकडे आली. तोंड दोन बोटेही उघडत नव्हते आणि दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हते. बाळाच्या काळजीपोटी थांबलेल्या बाईवर ती वेळ यायला नको होती.

किरणे अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनची नेहमी गरज नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४मध्ये सांगितले आहे. तरीही गरोदर स्त्रीला मी तो घालतोच, कारण तिचे मन निर्धास्त राहते. आपणही मागून घ्यावा.

हे महिने उपचाराला सोयीचे आहेत. पुढे पोट वाढल्यावर खुर्चीत उताणे पडणे जड जाते. जाताना सोनोग्राफीची फाईल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी.