आकडा सापडला की आधी त्याचं मूळ शोध

अगं, बायकांवरच्या हिंसेचा बातमीतला आकडा उचलून थेट डेझर्टेशनमध्ये टाकू नकोस, तो कुठून आलाय ते बघ. नॅशनल फॅमिली हेल्थ सर्वे आपल्या मुंबईतल्या देवनारच्या आयआयपीएसचा, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा, २०१९-२१ चा रिपोर्ट फुकट डाउनलोड होतो, पण टेबलाखालचं बारीक अक्षर वाच हं, कारण घरगुती हिंसेचे प्रश्न काही निवडक घरांतच विचारलेत, तेही एका घरात एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, मात्र पोलिसात नोंद झालेलेच गुन्हे मोजतं, आणि एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सगळ्यात गंभीर तेवढंच धरतं, मग दोन्हीचे आकडे जुळणार कसे? एकाच तक्त्यात शेजारी शेजारी तर मांडूच नकोस, गाईड फाडून खाईल.

बाकी एसएनडीटीचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ पासून आहे, जुहूला, तिथे जाच. बायकांच्या तोंडून ऐकलेला इतिहास हवा तर स्पॅरो, हे बायकांवरच्या संशोधनासाठीचं संग्रहालय, तिथे जा. ईपीडब्ल्यूचे, म्हणजे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या अभ्यासपत्रिकेचे, जुने अंक कॉलेजच्या लॉगिनवर मिळतात का ते लायब्ररीयनना विचार. विकिपीडिया वाच बिनधास्त, फक्त खालच्या तळटीपांसाठी. आणि कुठेही जायच्या आधी डिपार्टमेंटचं पत्र सहीशिक्क्यासकट घेऊन ठेव, नाहीतर गेटवरूनच परत येशील.