वाचक विचारतात : तिची शर्यत तिची, तुमची तुमची

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची आहे. वर्गातल्या मैत्रिणीमुळे तिला सायक्लोक्रॉसचं, म्हणजे चिखला-गवतातल्या सायकल शर्यतींचं, वेड लागलंय. येत्या हंगामात पोर्टलंडच्या आसपासच्या शर्यतींत उतरायचं म्हणते, आणि वर मलाही, "बाबा, तू पण ये ना," असा आग्रह. मी 43 वर्षांचा. कॉलेज सुटल्यापासून कुठला खेळ खेळलेलो नाही. बायकोला थंडीची आणि चिखलाची धास्ती आहे. मी उतरावं का? उतरलो तर मुलीच्या सोबत राहता येईल का? आणि नव्या सायकली घ्याव्या लागतील का?
– एक बाबा, बीव्हरटन, ओरेगन

उत्तर : उतरा. पण तिच्या सोबत राहू नका.

दुसरं वाक्य कठोर वाटेल, म्हणून आधी त्याबद्दलच सांगते. सायक्लोक्रॉसचा मार्ग छोटा असतो. अडीच-तीन किलोमीटरची एक फेरी. तीत गवत, चिखल, थोडी वाळू, सायकल खांद्यावर टाकून पळत चढावा असा एखादा चढणीचा तुकडा, आणि वाटेत आडव्या लावलेल्या फळ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत या फळ्या 40 सेंटिमीटरपेक्षा उंच नसतात. दिवसभर याच मार्गावर एकामागून एक गट सुटतात. लहान मुलांची शर्यत फार तर अर्धा तास चालते, नवख्या मोठ्यांची अर्धा ते पाऊण तास. ज्या चढावर लेकीला धाप लागली, त्याच चढावर थोड्या वेळाने तुम्हाला लागणार. आणि मधल्या वेळात त्या चढाची खबर तिच्याकडे असते, तुमच्याकडे नसते.

मला या खेळात हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्या घरांत शिकवणं नेहमी मोठ्यांकडून लहानांकडे जातं. पाढे आपण घेतो, पोहायला आपण शिकवतो, रस्ता ओलांडताना हात आपण धरतो. इथे मात्र माझा मुलगा अंगभर चिखल घेऊन माझ्याकडे येतो आणि सांगतो, "आई, वाळूत हँडल आवळून धरू नकोस. नजर लांब ठेव, हलका गिअर घे आणि पॅडल थांबवू नकोस." त्याचा एकेक शब्द बरोबर असतो. तासाभराने मी त्या वाळूतून जाते तेव्हा त्याचं ऐकते. तुम्ही तिच्या मागेमागे सायकल चालवलीत तर तिला सांगण्यासारखं काही उरणारच नाही, कारण सगळं तुम्ही आधीच सांगून टाकलेलं असेल.

तुम्हाला मागे पडण्याची काळजी असणार. पत्रात लिहिली नाहीत, पण 43 व्या वर्षी ती प्रत्येकाला असते. या शर्यतीची रचनाच अशी आहे की शेवटचा स्वार एकटा पडत नाही. किती फेऱ्या होणार ते ठरलेल्या वेळेवरून काढतात. सगळ्यांत पुढच्या स्वाराची शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजते, आणि त्याने शर्यत संपवली की बाकीचे आपापली चालू फेरी पूर्ण करून थांबतात. तुम्ही दोन फेऱ्या मागे असलात तरी सगळ्यांबरोबर काही मिनिटांतच आत येता. जागतिक पातळीवरच्या शर्यतींत नियम कडक आहे. आघाडीच्या स्वाराला पहिल्या फेरीला जितका वेळ लागला, त्याच्या 80 टक्क्यांइतकं मागे पडलेल्याला बाहेर काढतात. हौशी शर्यतींत बहुतेक ठिकाणी हे करत नाहीत. शिवाय प्रत्येक क्षणी कुणीतरी कुणाच्या तरी पुढे-मागे असतंच, त्यामुळे बघणाऱ्याला तुम्ही कितवे आहात हे कळतही नाही.

सायकली. नव्या घेऊ नका, निदान पहिल्या हंगामात तरी नको. मुलीची 24 इंची चाकांची माउंटन बाइक उत्तम चालेल. तुमच्याकडेही माउंटन बाइक असेल तर तीच आणा, फक्त हँडलच्या टोकांना शिंगांसारखे बार-एंड असतील तर काढा. त्यांना परवानगी नसते. खरी सायक्लोक्रॉसची सायकल वाकड्या हँडलची असते आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींत तिचं टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, पण तो विचार पुढे. आत्ता लक्ष द्यायचं ते हवेकडे. टायर टणक असेल तर ओल्या गवतावर चाक सुटतं. मुलीचं वजन 30-35 किलो असेल तर तिच्या रुंद टायरमध्ये 15 ते 20 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, मुळावर किंवा दगडावर आपटून ट्यूब चिमटते. ओरेगनमध्ये या शर्यती ओरेगन बायसिकल रेसिंग असोसिएशन, म्हणजे ओब्रा, या संस्थेखाली होतात आणि तिचं एका दिवसाचं सभासदत्व मिळतं. आवडतंय का ते आधी बघा, मग वर्षाचं घ्या. हेल्मेट मात्र सायकलवर टांग टाकल्या क्षणापासून डोक्यावर हवं. शर्यतीआधी मैदानात नुसतं फिरतानासुद्धा.

सरावासाठी मागच्या अंगणात एक काठी आडवी टाका. पुरेसं आहे. उतरायचं नेहमी डाव्या बाजूने, कारण साखळी उजवीकडे असते. उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणा, मधली दांडी धरून सायकल उचला, दोन पावलं, खाली ठेवा. पुन्हा बसताना सीटवर आदळायचं नाही. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने सरकत सीटवर यायचं. आधी चालण्याच्या वेगाने करा. हे दोघांनी एकत्र शिका, कारण इथे दोघंही सारखेच नवशिके आहात, आणि अकरा वर्षांचं शरीर हे तुमच्याआधी शिकेल. शिकू द्या.

थंडीबद्दल तुमच्या पत्नीचं म्हणणं रास्त आहे आणि ते गंभीरपणे घ्या. शर्यत चालू असताना मुलं गारठत नाहीत, गारठतात ती संपल्यावर. घामाने आणि पावसाने भिजलेलं पोर मैत्रिणींशी गप्पा मारत उभं राहतं आणि दहा मिनिटांत ओठ निळे पडतात. म्हणून कोरड्या कपड्यांची पिशवी गाडीत नाही, शेवटच्या रेषेपाशी ठेवा. आतल्या बनियनपासून मोज्यांपर्यंत सगळं बदला. आम्ही थर्मासमध्ये टोमॅटोचं सार नेतो आणि डब्यात मेतकूट-भात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की रात्रीत वाळतात. सायकल धुताना जोराच्या पाण्याचा झोत चाकाच्या मध्यावर किंवा पॅडलच्या दांड्यापाशी मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. एक बादली आणि ब्रश पुरतो.

प्रश्न : मी नववीत आहे आणि दोन हंगाम सायक्लोक्रॉस करतो. बाबा मार्गाच्या कडेला बांधलेल्या टेपच्या बाहेरून सगळी शर्यतभर ओरडतात. गिअर बदल, आत घे, पुढे जा. ते मला घरी सायक्लोक्रॉसचा जगज्जेता मात्यू व्हॅन डर पूलचे व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात त्याच्या वडिलांनीच त्याला घडवलं. मला त्यांचं मन दुखवायचं नाही. पण मला खेळ नकोसा होतोय.
– एक मुलगा, हिल्सबरो

उत्तर : बाळा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. खेळ सोडायच्या आधी लिहिलंस हे तर त्याहून बरं.

तुझं म्हणणं बाबांना शर्यतीच्या दिवशी सांगू नकोस. त्या दिवशी दोघांच्याही अंगात शर्यत असते. मधल्या वारी, गाडीत किंवा साखळीला तेल घालताना सांग, आणि तक्रार म्हणून न सांगता माहिती म्हणून सांग: छाती फुटेस्तोवर सायकल मारताना लांबलचक सूचना कानात शिरतच नाहीत. नाव ऐकू येतं आणि आवाजातली चिडचिड ऐकू येते. ते खरं आहे, आणि त्यांनी एकदा स्वतः शर्यत केली तर त्यांना पटेल. त्यांच्या वयाचा गट असतो, तू त्यांचं नाव नोंदवायला सांग.

त्यांना ओरडू नका एवढंच म्हणालास तर ते रिकाम्या हातांनी उभे राहतील आणि पुन्हा ओरडतील. म्हणून काम दे. सुरुवातीच्या रेषेवर शेवटच्या मिनिटाला तुझं जाकीट घ्यायला कुणीतरी लागतंच. पिटमध्ये, म्हणजे सायकल किंवा चाक बदलायच्या ठरलेल्या जागी, जादा चाक घेऊन थांबायलाही. आणि एकच माहिती माग: पुढचा स्वार किती सेकंदांवर आहे. "आठ सेकंद!" ही आरोळी उपयोगाची असते.

आता व्हॅन डर पूल. मात्यूचे वडील आद्री 1996 साली जगज्जेते झाले. मात्यूने 2025 पर्यंत सात वेळा ते पद जिंकलं, वडिलांच्या एका पदापेक्षा फार पुढे गेला. बेल्जियमच्या स्वेन नाइस यांनी 2005 आणि 2013 साली जग जिंकलं, त्यांचा मुलगा तिबो 2020 साली ज्युनिअर गटात जगज्जेता झाला. घरात खेळ असला की मुलाला लवकर सायकल मिळते, चांगला चिखल मिळतो, हे खरंच. पण वडिलांचं पद मुलाला एकाही फळीवरून उचलून नेत नाही. ती उडी मात्यूच मारतो. बाबांना हे तू माझ्या नावावर सांग.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये लेकीकडे पोर्टलंडला येणार आहे. नातवाची शर्यत बघायची आहे. तो पडला तर उचलायला गेलं तर चालतं का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, जरूर या. टेपच्या आत मात्र जायचं नाही. स्वाराला बाहेरच्या माणसाची मदत फक्त पिटमध्ये चालते. आणि चिखलात पडलेली पोरं तुमचा श्वास सुटायच्या आत उठून पुढे गेलेली असतात. खरंच लागलं तर स्वयंसेवक आणि प्रथमोपचार करणारे असतात, त्यांना हाक मारा.

उभं राहायला फळ्यांची जागा निवडा. तिथे मुलं सायकलवरून उतरतात, त्यामुळे चेहरा दिसतो, आणि छोट्या फेरीमुळे नातू पुन्हापुन्हा समोर येतो. लोक तिथे गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. तुमच्याकडे देवघरातली नसलेली एखादी घंटा असेल तर आणा. रबरी गमबूट लेकीला इथेच घेऊन ठेवायला सांगा, सामानात वजन नको. कानटोपी मात्र तुमची नेहमीची आणा. नावाने हाका मारा, मोठ्याने, मराठीतच. आजीच्या हाकेला सूचना चिकटलेल्या नसतात, त्यामुळे ती कितीही वेळा मारली तरी चालते.