कार्ड-हजेरीचं मशीन पहिल्यांदाच बनवणाऱ्यासाठी

रत्नागिरीच्या मासळी कारखान्यासाठी करतोयस, तर आधी रीडरचं हेड, म्हणजे कार्डाची चुंबकी पट्टी वाचणारा भाग, सांभाळ. खारी हवा, त्यात ओल्या हातांची कार्डं. हेडवर थर बसतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने नियमित पुसायची सवय लाव.

नुसता नंबर हवा असेल तर पट्टीवरचा दुसरा ट्रॅक, म्हणजे माहितीची दुसरी ओळ, पुरे. त्यात 40 अक्षरं मावतात, सुरुवातीला ‘;’ आणि मजकूर संपल्यावर ‘?’ येतो. पॅरिटी (प्रत्येक अक्षराची तपासणी-बिट) किंवा शेवटचा एलआरसी (सगळ्या मजकुराचं तपासणी-अक्षर) जुळला नाही, तर नोंद घेऊच नकोस. लाल दिवा लाव, माणूस पुन्हा कार्ड ओढेल. भलत्याच नंबरावर हजेरी पडली की कुणाचा तरी रोज बुडतो, आणि ते मुळीच होता कामा नये.

पावसाळ्यात लाईट जाणारच. म्हणून बॅटरीवर चालणारी डीएस 3231 ही घड्याळाची चिप बसव, नोंद लगेच मेमरी कार्डावर लिही.