एक सुरमई, रविवार ते शुक्रवार

प्रश्न : आमचे चौघांचे घर आहे. रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून अडीच किलोंची अख्खी सुरमई आणली, कारण सुट्या तुकड्यांपेक्षा ती स्वस्त पडली. दुपारी तुकड्या तळल्या, रात्रीही तळल्या आणि उरलेल्या मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. सोमवारी आमच्याकडे मासे होत नाहीत. मंगळवारी डबा उघडला तेव्हा वास येत होता, शिवाय डोकेही टाकून द्यावे लागले. एकाच माशाची वेगवेगळी जेवणे कशी करावीत? पावसाळ्यात रोहू आणल्यास हीच पद्धत चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या हाताला चव नाही असे मुळीच नाही, चुकला तो क्रम. माशाचे सगळे भाग सारख्या वेगाने बिघडत नाहीत. कल्ले आणि आतडी सर्वांत आधी, त्यामागून डोके, मग पोटाकडचा पातळ व तेलकट भाग, आणि पाठीचे जाड मांस सर्वांत शेवटी. जे आधी बिघडते ते आधी शिजवावे, हे एकदा ठरवले की जेवणांची आखणी आपोआप होते. आपण मात्र टिकणाऱ्या तुकड्या आधी संपवल्या आणि डोके मागे ठेवले.

ही आखणी बाजारातच सुरू करावी. मासेवालीला कल्ले पूर्ण काढून डोके उभे चिरायला सांगावे, मधल्या भागाच्या बोटभर जाडीच्या तुकड्या करून घ्याव्यात आणि शेपटीकडचा वीतभर भाग अखंड ठेवायला सांगावा. शेपटीच्या लहान चकत्या तळल्या की कोरड्या पडतात आणि ताटात तशाच उरतात.

घरी आणताना पिशवीत बर्फ असलाच पाहिजे. सुरमई, बांगडा यांसारखे मासे उबेत राहिले, तर त्यांत हिस्टामाइन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याने जीभ चुरचुरते, चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात आणि कितीही शिजवले तरी तो नष्ट होत नाही. पुण्यात येणारा समुद्री मासा घाट चढून आलेला असतो, त्यामुळे बाजार आटोपून मासा डिकीत ठेवून आणखी दोन कामे करत फिरणे सोडावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रविवारी दुपारी डोके आणि पोटाकडच्या तुकड्या यांचे कालवण करावे. ओले खोबरे, सुकी मिरची, धणे आणि हळद यांचे वाटण, आंबटाला आमसूल, आणि बिया काढून जरा ठेचलेली चार-पाच तिरफळे. तिरफळे वाटणात वाटू नयेत, कालवण कडवट होते. हौस म्हणून माणशी एक तुकडी रवा लावून तळावी. उरलेले कालवण रात्री भाताबरोबर अधिक मुरलेले लागते.

बाकीच्या तुकड्या आणि शेपटी यांना त्याच दिवशी, मसाला न लावता, फ्रीजरमध्ये टाकावे. मीठ पाणी ओढून घेते आणि आंबटाने मांसाचा पोत बदलतो, म्हणून ते दोन्ही शिजवायच्या दिवशीच लावावे. तुकड्या फडक्याने कोरड्या टिपाव्यात आणि एका जेवणाला लागतील तेवढ्याच एका पिशवीत, एकमेकींवर न रचता ठेवाव्यात. लागणारी पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावी, आणि एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवू नये.

बुधवारी भुजणे करावे. पातेल्यात तेल आणि उभा चिरलेला भरपूर कांदा, त्यावर तुकड्या, वरून कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण आणि खोबरे यांचे वाटण. पाणी अजिबात नको, कांद्याला सुटते तेवढे पुरते. मंद आचेवर झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत मांस काट्यापासून सुटू लागते, तिथेच थांबावे.

शुक्रवारसाठी राखलेली शेपटी मला स्वतःला सर्वांत आवडते. हळद-मीठ घातलेल्या पाण्यात ती आठ-दहा मिनिटे शिजवावी. कोमट झाल्यावर बोटाने दाबले की साल सुटते आणि मधल्या काट्यावरून मांस लांब धाग्यांनी अलगद निघते. त्या मांसात बारीक कांदा, आले, मिरची, कोथिंबीर आणि बांधणीपुरता एकच उकडलेला बटाटा घालून कटलेट करावेत. बटाटा वाढला की माशाची चव हरवते. काटा टाकू नये. तो त्याच पाण्यात पुन्हा पंधरा मिनिटे उकळून पाणी गाळून घ्यावे, त्यात आमसुले आणि लसणाची फोडणी घालावी, शेवटी नारळाचे दूध घालून उकळी येण्याआधी उतरवावे. भाताबरोबर हे सार आणि शेजारी दोन कटलेट असले की एका शेपटीत चौघांचे जेवण होते.

आता रोहूविषयी. 1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा रोहू आणणे योग्यच आहे. डोके, कालवण आणि भुजणे यांचा क्रम तोच ठेवावा. कटलेट मात्र करू नयेत, कारण रोहूच्या मांसात दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात आणि शेपटीकडे ते वेचून संपत नाहीत, म्हणून लहान मुलांना व वृद्धांना तो भाग देणे धोक्याचे आहे. त्याऐवजी शेपटीच्या दोन्ही बाजूंना सुरीने अगदी जवळजवळ चिरा द्याव्यात, आले-लसूण, चिंच आणि तिखट त्यांत भरावे आणि ती खरपूस तळावी. चिरांमुळे तुटलेले काटे तेलात कुरकुरीत होतात.