अंधारात दिसणारी मूठ : वाचकांचे प्रश्न

चाकूच्या मुठीत चमकणारी रेघ, ठिपका किंवा पिन (मुठीतून आरपार जाणारी बारीक कांडी) बसवण्याबद्दल बरेच प्रश्न आले. उजेड साठवून अंधारात चमकणारी पावडर इपॉक्सीत, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या द्रवात, मिसळून खाचेत भरायची, असं हे काम. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काम कुठलंही असो, पात्याची धार आधी जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर टेप मारा. मूठ घासताना हात सारखा पात्याकडे सरकतो आणि नजर मात्र रेघेवर असते.

प्रश्न : या पावडरीला सगळे ‘रेडियम’ म्हणतात. मग हातात धरायच्या वस्तूत ती घालणं सुरक्षित आहे का? नेमकी कोणती घ्यावी?

उत्तर : नाव तेवढं मागे राहिलंय. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं रेडियम पुढे घड्याळांच्या काट्यांना आणि आकड्यांना लावलं जायचं. ते किरणोत्सर्गी होतं, म्हणूनच बंद झालं. गाड्यांच्या मागे चिकटवतात ते ‘रेडियम’ तर स्वतः चमकतही नाही. आलेला उजेड ते फक्त परत फेकतं, त्यामुळे काळोख्या खोलीत त्याचा काडीचा उपयोग नाही.

आज दोन प्रकारच्या पावडरी मिळतात. झिंक सल्फाइड जुनी आणि स्वस्त, पण थोड्याच वेळात मावळते. घ्यायची ती स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. तिच्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही मूलद्रव्यं अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असतात. यातलं काहीच किरणोत्सर्गी नाही. रंग हिरवा घ्या, फार तर निळसर हिरवा. लाल, नारिंगी, जांभळी या पावडरी पाकिटावरच्या फोटोत छान दिसतात, मुठीत निराशा करतात. कण जितका मोठा तितकी चमक जास्त. रुंद खाचेसाठी ३५ ते ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) पावडर चांगली. केसाएवढ्या बारीक रेघेत मात्र ती दाणेदार दिसते, तिथे १५ मायक्रॉनच्या आसपासची घ्या. पूड ओतताना आणि रेघ घासताना मास्क हवाच. किरणोत्सर्ग नसला तरी धूळ ती धूळच.

प्रश्न : लाकडी मुठीच्या दोन्ही बाजूंना ६० मि.मी. लांब आणि ३ मि.मी. रुंद रेघ भरायची आहे. पावडर किती लागेल आणि कामाचा क्रम काय ठेवावा?

उत्तर : खाच २ मि.मी. खोल धरा. ६० × ३ × २ म्हणजे ३६० घन मि.मी., दोन्ही बाजू मिळून ०.७२ मि.लि. वजनाने दोन भाग इपॉक्सीत एक भाग पावडर घातली, तर एवढ्या जागेत साधारण १ ग्रॅम मिश्रण बसतं. तरीही ३ ग्रॅम बनवा : इपॉक्सी २ ग्रॅम, पावडर १ ग्रॅम. एका ग्रॅमसाठी रेझिन आणि हार्डनर मोजायला गेलात तर एखाद्या थेंबानेही प्रमाण बिघडतं आणि रेघ आयुष्यभर चिकट राहते. वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. बाटलीवरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हेही वाचा. रेझिन आणि हार्डनरची घनता वेगळी असल्यामुळे ही दोन प्रमाणं एक नसतात.

खाच उथळ ठेवायचा मोह टाळा. ‘पावडर हलकी निघाली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा अर्ध्या मि.मी.ची खाच असते. उजेड साठवायला थराला जाडी लागते. १ मि.मी.च्या खाली जाऊ नका, दीड ते दोन उत्तम. पिनच्या भोकापासून खाच किमान ३ मि.मी. लांब ठेवा, नाहीतर मधली लाकडाची भिंत तडकते.

खाच कोरून झाली की पूड ब्रशने झाडा आणि तळाला व भिंतींना पातळ सुपरग्लूचा किंवा साध्या इपॉक्सीचा एक हात द्या. ही पायरी गाळली तर रेझिन लाकडाच्या रेषांत शिरतं आणि रेघेच्या कडेला कायमचा ओलसर डाग राहतो. मास्किंग टेपने फक्त वरचा पृष्ठभाग वाचतो, आतला पाझर थांबत नाही. शिसवी, सागवान अशा तेलकट लाकडांची खाच त्याआधी ॲसिटोनने पुसा आणि तो उडाला की लगेच कामाला लागा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर तेल पुन्हा वर येतं. भरलेली रेघ महिन्याभरात अख्खीच्या अख्खी सुटून हातात येते, ती बहुधा यामुळेच.

पुढचा थर पांढरा. इपॉक्सीत टायटॅनियम डायऑक्साइडची चिमूटभर पूड मिसळा आणि तळाला जेमतेम ०.३ मि.मी. थर द्या. गडद लाकूड खाली जाणारा उजेड गिळून टाकतं, पांढरा तळ तो वर पाठवतो. साधा पांढरा रंग मारू नका, वरचा थर त्याच्यासकट उचलला जातो. पांढरा थर बोटाला चिकटण्याइतका ओला असतानाच चमकणारं मिश्रण भरा, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात.

आता मिश्रण. रेझिन आणि हार्डनर आधी एकमेकांत पूर्ण मिसळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मगच पावडर घाला. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे नको. बुडबुडे वर यायच्या आत ते गोठतं. टूथपिकने एका टोकाकडून दुसऱ्याकडे भरत जा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. मिश्रण कडेपेक्षा अर्धा मि.मी. वर राहू द्या. वर आलेल्या बुडबुड्यांवर हीट गन १५-२० सें.मी. अंतरावरून दोन-तीन सेकंद फिरवली की ते फुटतात.

वरून कडक लागलं तरी २४ तास हात लावू नका, तीन दिवस थांबलात तर आणखी चांगलं. नंतर २२०, ४००, ६०० नंबरचा सँडपेपर, कोरडाच. पाण्याने घासायची सवय असेल तर इथे ती मोडा. ही पावडर पाण्याशी प्रक्रिया करते आणि घासताना वरचे कण कापून उघडे पडलेले असतात. पेपर गरम लागला की थांबा, गरम इपॉक्सी मऊ पडून पेपरात भरतं. शेवटी पातळ सुपरग्लूचे किंवा पारदर्शक इपॉक्सीचे दोन हात द्या. उघडे कण त्यानेच बंद होतात.

प्रश्न : पावडर पांढरीशुभ्र होती, मिश्रण मात्र राखाडी झालं आणि चमकही कमी. पावडर भेसळीची आहे का?

उत्तर : ढवळलंत कशाने? स्टीलच्या चमच्याने किंवा पातीने ढवळलं असेल तर ती राख चमच्याची आहे. या पावडरीचे कण कठीण असतात, ते धातू खरवडतात. लाकडी काडी आणि प्लॅस्टिकचं भांडं वापरा. पितळी पिनच्या शेजारची रेघ घासतानाही असंच काळं पडतं, कारण पितळेची पूड बारीक छिद्रांत बसते. आधी रेघेवर पातळ सुपरग्लू फिरवा, मग दोन्ही एकत्र घासा.

प्रश्न : यूव्ही रेझिन मिनिटभरात कडक होतं. मी तेच वापरलं. वरून काचेसारखं झालं, पण नख दाबलं की आत दबतं. असं का?

उत्तर : या रेझिनला कडक व्हायला यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, लागतात आणि पावडरही यूव्हीच पिते. वरचा थर कडक झाला, पण तळापर्यंत किरण पोहोचलेच नाहीत. दिवा अर्धा तास ठेवूनही फारसा फरक पडणार नाही. भरलेलं सगळं कोरून काढा आणि पुन्हा भरताना अर्ध्या मि.मी.चे थर द्या, प्रत्येक थर स्वतंत्र कडक करा. एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन भागांचं इपॉक्सी बरं.

प्रश्न : ६ मि.मी. बाहेरच्या व्यासाच्या पितळी नळीत मिश्रण भरून आरपार पिन केली. एका बाजूला झगझगीत, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही.

उत्तर : नळी उभी ठेवून वाळवलीत. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट इपॉक्सीच्या तिप्पट जड आहे, पातळ रेझिनमध्ये ते तळाला बसतं. मिश्रण मधासारखं घट्ट होऊ लागेपर्यंत थांबून मग भरा, किंवा त्यात वजनाच्या दोन-तीन टक्के फ्यूम्ड सिलिका (मिश्रण घट्ट करणारी अतिबारीक पूड) घाला. नळीची दोन्ही तोंडं टेपने बंद करून पहिला तासभर दर पाच मिनिटांनी उलटी करा. रेझिन गरम करून पातळ करायचा सल्ला अनेक जण देतात. बुडबुडे जातात खरे, पण पावडर त्याहून वेगाने खाली बसते. आत्ताच्या पिनचं म्हणाल, तर मंद टोक २ मि.मी. कोरून नव्याने भरा, अख्खी पिन काढायची गरज नाही.

प्रश्न : पाकिटावर ‘१२ तास चमक’ लिहिलंय. आमची मूठ अर्ध्या तासात विझल्यासारखी वाटते.

उत्तर : दोन्ही खरं आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं चमक जोरदार असते, मग झपाट्याने उतरते आणि पुढे कित्येक तास अगदी मंद रेंगाळते. तासांचे आकडे सहसा ०.३२ मिलिकँडेला प्रति चौरस मीटर (हे उजळपणाचं माप) या अगदी मंद पातळीपर्यंत मोजलेले असतात. एवढा उजेड दिसायला डोळे २०-३० मिनिटं काळोखात मुरलेले लागतात. मोबाइलच्या पडद्यावरून नजर उचलून मुठीकडे पाहिलंत तर ती विझलेलीच भासेल. चार्जिंगसाठी ऊन किंवा यूव्ही टॉर्च उत्तम, पांढरा एलईडीही चालतो. पिवळट बल्बखाली तासभर ठेवूनही पोट भरत नाही, कारण पावडरीला निळ्या-जांभळ्या बाजूचा उजेड लागतो. थंडीत चमक मंद पडते पण जास्त टिकते, उन्हाळ्यात उलटं. ही रेघ पडलेला चाकू सापडावा म्हणून असते. तिच्या उजेडात काही कापायला जाऊ नका.

प्रश्न : मिश्रणात काळा किंवा गडद निळा रंग घातला तर दिवसा रेघ उठून दिसेल का?

उत्तर : दिसेल, फक्त रात्री दिसणार नाही. रंग हवाच असेल तर फ्लोरोसंट पावडर घाला, तीही चमकणाऱ्या पावडरीच्या एक-दोन टक्के.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या सुरीला हे चालेल का?

उत्तर : चालेल, पण रेघ मुठीच्या मागच्या अर्ध्या भागात ठेवा, पात्याच्या बुंध्याशी नको. तिथे अन्न आणि पाणी दोन्ही साचतात. वरचा पारदर्शक थर अखंड हवा. तडा दिसला की सुरी बाजूला काढून तो भरा. डिशवॉशर नको आणि उकळतं पाणीही नको. साधं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं, रेघ फुगते आणि कडेने फट पडते.

प्रश्न : चार्ज न करता वर्षानुवर्षं चमकणाऱ्या ट्रिटियमच्या नळ्या बसवाव्यात का?

उत्तर : त्या खरोखर चार्ज न करता चमकतात. काचेच्या बारीक नळीत ट्रिटियम वायू आणि आतून फॉस्फरचा, म्हणजे किरण पडले की चमकणाऱ्या पदार्थाचा, लेप असतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात उजेड निम्म्यावर येतो. पण हे किरणोत्सर्गी साहित्य आहे. अनेक देशांत ते बाळगण्यावर, आयात करण्यावर नियम आहेत, ते आधी तपासा. खाच नळीपेक्षा ०.२ मि.मी. मोठी कोरा आणि नळी ठोकून न बसवता मऊ, पारदर्शक सिलिकोनमध्ये तरंगती ठेवा. कडक इपॉक्सीत घट्ट बसवलेली नळी चाकू खाली पडल्यावर फुटू शकते. फुटलीच तर खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा, हवा खेळू द्या. नंतर तुकडे हातमोजे घालून उचला. खाण्याच्या वस्तू कापणाऱ्या सुरीत ही नळी बसवू नका.