मेट्रिक आणि इम्पीरियल मापं : गोंधळ नेमका कुठे होतो?

प्रश्न : मेट्रिक आणि इम्पीरियल पद्धतीत खरा फरक काय? सूत्रं पाठ आहेत, तरी फूट-पौंडांचं मीटर-किलोत रूपांतर करताना उत्तर चुकतं. हे नीट कसं समजून घ्यावं?

उत्तर :

स्वतंत्र असा इंच आज उरलेलाच नाही, इथून सुरुवात करू. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून ठरवलं की १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर आणि १ पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. 'सुमारे' नव्हे, तंतोतंत. त्यातून १ इंच बरोबर २५.४ मिलिमीटर ठरतो. फुटात मोजणारा माणूसही शेवटी मीटरच मोजत असतो, तुकडे तेवढे वेगळे पाडतो.

त्यामुळे 'मेट्रिक जास्त अचूक' हे म्हणणं मला पटत नाही. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे ०.०२५४ मिमीपर्यंत, काम करणारी यंत्रं आहेतच. अचूकता मोजायच्या साधनात असते, एककात नसते.

फरक आहे तो सांध्यांमध्ये. १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, १७६० यार्डांचा मैल. १६ औंसांचा पौंड, १४ पौंडांचा स्टोन. प्रत्येक सांध्याचा आकडा निराळा, म्हणून प्रत्येक पायरीवर चुकायची सोय आहे. मेट्रिकमध्ये सगळीकडे दहाचीच पटी, नुसतं दशांशचिन्ह सरकवायचं. शिवाय लांबी, आकारमान आणि वजन तिथे एकमेकांना जोडलेली आहेत : १० सेंमी बाजूच्या घनात १ लिटर मावतो आणि तेवढं पाणी जवळजवळ १ किलो भरतं. टाकी १.२ × ०.८ × ०.५ मीटरची असेल तर ०.४८ घनमीटर, म्हणजे ४८० लिटर, म्हणजे पाण्याचं वजन साधारण ४८० किलो. तोंडी झालं. आता ४ × २.५ × १.५ फुटांची टाकी घ्या. १५ घनफूट. गॅलन काढायचे तर ब्रिटिश गॅलनसाठी ६.२३ ने गुणा (९३.४), अमेरिकन गॅलनसाठी ७.४८ ने (११२.२), आणि वजनासाठी ६२.४ ने (९३६ पौंड). तीन आकडे, तिघांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही.

इम्पीरियलच्या बाजूने एक मात्र बोललं पाहिजे. १२ ला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो, आणि अर्धा-पाव-अष्टमांश हे भाग नुसतं दुमडत गेलं तरी मिळतात. हातकामात हे सोयीचं असतं. फुटाचा तिसरा भाग नेमका ४ इंच. मीटरचा तिसरा भाग करायला गेलात की ३३३.३३... मिमी.

आता चुका. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फूट-इंच दशांशात लिहिणं. ५ फूट ७ इंच म्हणजे ५.७ फूट नव्हे. इंचांना १२ ने भागायचं : ५.५८ फूट, म्हणजे १७०.२ सेंमी. ५.७ फूट धरलंत तर १७३.७ येतात, साडेतीन सेंमी जास्त. कॅल्क्युलेटरवर बसण्यापूर्वी सगळ्याचे इंच करून घ्या (५ × १२ + ७ = ६७) आणि २.५४ ने गुणा. ही वाट कधी दगा देत नाही.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून ५० चौरस मीटर म्हणजे १६४ चौरस फूट असं लिहिलेलं सर्रास दिसतं. लांबीचा गुणक क्षेत्रफळाला दोनदा आणि घनफळाला तीनदा लागतो. १ चौरस मीटर = १०.७६ चौरस फूट, १ घनमीटर = ३५.३ घनफूट. ५० चौरस मीटरचे ५३८ चौरस फूट होतात. उत्तर तिपटीने चुकतं, तरी आकडा बघून संशय येत नाही. हीच यातली मेख.

तापमानाची चूक जरा लबाड आहे. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० फॅरेनहाइट, हे खरं. पण 'तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं' याचं रूपांतर करताना ३२ मिळवायचे नसतात, फक्त १.८ ने गुणायचं : वाढ १८ फॅरेनहाइटची. ३२ हा दोन मोजपट्ट्यांच्या शून्यांमधला फरक आहे, दोन तापमानांची वजाबाकी करताना तो आपोआप गळतो.

एकाच नावाची दोन मापं हा वेगळाच त्रास. 'इम्पीरियल' म्हणजे नेमकं १८२४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ठरलेली मापं. अमेरिका तोवर वेगळी झाली होती, तिने जुनीच ठेवली. म्हणून ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन ३.७८५ चा. पाइंट ५६८ मिलीचा आणि ४७३ चा. टन तर तीन : २२४० पौंडांचा ब्रिटिश, २००० पौंडांचा अमेरिकन आणि १००० किलोचा मेट्रिक. गाडी गॅलनला ४० मैल देते असं वाचलंत तर आधी गॅलन कोणता ते बघा. ब्रिटिश गॅलनला ४० आणि अमेरिकन गॅलनला ३३.३ हे एकच मायलेज आहे, १०० किमीला सुमारे ७.०६ लिटर. सोन्याचांदीचा ट्रॉय औंससुद्धा ३१.१ ग्रॅमचा असतो, नेहमीचा २८.३५ चा.

नुसत्या आकड्यावर एकक न लिहिल्याने काय होतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे जुलै १९८३ मधलं एअर कॅनडाचं बोइंग ७६७. इंधन दाखवणारं उपकरण बंद होतं, म्हणून टाकीतलं इंधन पट्टीने मोजलं : ७६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२३०० किलो. लिटरचे किलो करायला ०.८ च्या आसपासचा गुणक हवा होता, वापरला १.७७. तो लिटरचे पौंड करणारा गुणक. ७६८२ × १.७७ = १३५९७, तो आकडा किलो समजला गेला. बाकी ८७०३, भागिले १.७७, म्हणून ४९१६ लिटर भरले. खरी गरज होती २०००० लिटरची. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी विमान तरंगवत आणून कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे वाचले. गणित एकदा नव्हे, परत तपासलं होतं. पण तोच गुणक घेऊन तपासलं तर तीच चूक परत येते. तपासणी नेहमी दुसऱ्या वाटेने करावी : १ लिटर इंधन पाण्यापेक्षा हलकं, मग ७६८२ लिटरचे १३५९७ किलो होतीलच कसे? एवढा एक प्रश्न पुरला असता.

१९९९ मध्ये मंगळाजवळ हरवलेल्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या नासाच्या यानाची गोष्टही याच जातीची. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर यानाच्या इंजिनांच्या रेट्याचे आकडे पौंड-बल सेकंद या इम्पीरियल एककात देत होतं, घेणारं ते न्यूटन-सेकंद या मेट्रिक एककातले समजत होतं. ४.४५ पटींचा फरक.

हत्यारं आणि नट-बोल्ट हा भाग पुस्तकात कमी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९ मिमीचा पाना आणि पाऊण इंची पाना (१९.०५ मिमी) एकमेकांचं काम करतात. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्या मापाच्या बोल्टच्या डोक्यावर १३ चा पाना सैल बसतो आणि जोर दिला की डोक्याचे कोपरे गोल होतात. आट्यांचं तर आणखी फसवं. ८ मिमी बोल्टचा व्यास ८.०० आणि ५/१६ इंचीचा ७.९४, डोळ्याला एकच. मात्र नेहमीच्या जाड आट्यांत पहिल्याच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी आणि दुसऱ्याचं १.४१ (इंचाला १८ आटे). एक-दोन फेरे हाताने जातो आणि अडतो. तिथेच थांबा. पान्याने रेटलंत की दोन्हीचे आटे गेले. आटे मोजायचं गेज नसेल तर दोन बोल्टांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर जोडी वेगळी.

पाइपच्या बाबतीत इंच हे नुसतं नाव आहे. अर्ध्या इंची स्टीलच्या पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण २१.३ मिमी असतो, पट्टी लावून अर्धा इंच कुठेच सापडणार नाही. त्याचं मिमीत रूपांतर करून १२.७ चा फिटिंग मागू नका. आणि ब्रिटिश व अमेरिकन अशा दोन्ही आट्यांत अर्ध्या इंचाला इंचामागे १४ च आटे असतात, म्हणून ते एकमेकांत सुरुवातीला छान जातात. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० चा. टेप कितीही गुंडाळा, दाब आला की गळतं.

पाठ करायचंच असेल तर २५.४ मिमी, ०.४५३६ किलो आणि दोन्ही गॅलन एवढं पुरे, बाकी त्यातून निघतं. गोल आकडा मात्र शेवटीच करा, मधल्या पायरीवर नको. आणि कुणी अंदाजाने '६ फूट' म्हटलं असेल तर त्याचं १८२.८८ सेंमी करू नका. त्याने १८० च्या आसपास एवढंच सांगितलंय.